दर चार तासांनी अर्धी

९ जानेवारी

ताई,

वर नुसतं 'ताई' लिहिलंय. 'प्रिय' लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, आता बरी प्रिय झाले. तीन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तू ते फाडशील, पण आधी वाचशील. रद्दीतला कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची तुझी रीत नाही, एवढी मी तुला ओळखते.

तर बातमी अशी की तुझी धाकटी बहीण एकोणपन्नासाव्या वर्षी पुन्हा वर्गात बसली आहे. आमच्या हॉस्पिटलने मला सहा महिन्यांसाठी इथे शिकायला पाठवलंय. पॅलिएटिव्ह केअर म्हणतात त्याला. म्हणजे ज्या माणसाचा आजार आता बरा होणार नाही, त्याचं दुखणं, धाप, मळमळ, भीती, घरच्यांची तारांबळ, हे सगळं बघायचं. पदवीनंतरचा अभ्यासक्रम आहे, लेखी परीक्षा आहे, वह्या तपासतात. वर्गात आम्ही अकरा जण. पाच डॉक्टर, चार नर्स, एक फिजिओथेरपीवाली आणि एक समाजसेविका. सगळ्यांत म्हातारी मी. पहिल्या दिवशी शिपाई मलाच शिकवणारी बाई समजून खुर्ची पुसायला लागला, आणि मीही त्याला पुसू दिली.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. एक पलंग, एक टेबल, कपाटात तीन हँगर. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. संध्याकाळी ती भरून वाहायला लागते आणि वरच्या मजल्यावरची कोणी बाई ओरडते, "अहो, मोटर बंद करा." दिवसभरात कामाशिवायचं असं एवढंच वाक्य माझ्या कानावर पडतं, आणि तेही मला उद्देशून नसतं. बाकीच्या पोरी जेवताना हसत असतात, मी ताट घेऊन गेले की पाठ ताठ करून बसतात. एकोणीस वर्षं आयसीयूत हुकूम सोडले, ते माझ्या तोंडावरच लिहिलेलं असणार. मी मग भिंतीकडे तोंड करून जेवते.

आमच्या मुख्य मॅडमचं नाव आम्ही 'थांबाबाई' ठेवलंय. सत्तरीच्या आहेत, वाळक्या, पायात कापडी बूट. कुणी पटकन उत्तर दिलं की म्हणतात, "थांबा." मग स्वतः गप्प बसतात, आपल्यालाही गप्प बसवतात, आणि मग विचारतात, "हे उत्तर पेशंटसाठी होतं की तुमच्यासाठी?" पहिल्या आठवड्यात हा प्रश्न मला चार वेळा मिळाला.

इथे एक पद्धत आहे. माणूस गेल्यावर सहा आठवड्यांनी त्याच्या घरच्यांना वॉर्डातून पत्र जातं, हाताने लिहिलेलं. ज्याने शेवटी त्याचं केलं त्यानेच ते लिहायचं. नियम दोनच. एक तरी गोष्ट अशी हवी जी फक्त त्याच माणसाची आहे, आणि 'आम्ही सर्वतोपरी प्रयत्न केले' हे वाक्य नको. त्याचा सराव म्हणून थांबाबाईंनी सांगितलंय, घरच्या कुणाला तरी पत्रं लिहा. म्हणून तुला लिहितेय. गृहपाठ समज हवा तर.

आणि एक. आईच्या आजारपणात, शेजारपाजारचे बसलेले असताना मी तुला म्हणाले होते, "तू तुझं शिवणकाम कर, यात तुला काय कळतं?" ते चुकलं माझं. माफ कर. पण एका वाक्यावर तीन वर्षं म्हणजे फार झालं, ताई.

जूनअखेर मी परत येईन. हॉस्पिटल मला गाडी आणि औषधांची बॅग देणार, आणि मी घरोघरी जाऊन असे पेशंट बघायचे. आपल्या गल्लीतही यावं लागेल. तुझ्या दाराशी आले तर तू आत घेशील का, एवढंच मला कळव. त्यावर माझं इथलं मन लागणं अवलंबून आहे.

तुझी धाकटी

२ फेब्रुवारी

ताई,

चोवीस दिवस झाले. तुझ्याकडे पत्र पोहोचायला सहा दिवस लागतात असं खाली ऑफिसात विचारून आले, म्हणजे मनात असतं तर उत्तर आलं असतं. असू दे. मी आपली पालथ्या घड्यावर पाणी ओतते.

माझ्या वाट्याला एक रंगारी आलाय. घरं रंगवायचा. बासष्ट वर्षांचा, कॅन्सर हाडांत पोहोचलेला. कुशीवर वळवताना ओठ चावतो, पण वळवून झालं की तोंडाचा पट्टा चालू. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "बाई, ही भिंत कुणी रंगवली? खाली प्रायमर मारलेलाच नाही. सहा महिन्यांत पोपडे धरणार बघा."

मी म्हटलं, "बघू की सहा महिन्यांनी."

"तुम्ही बघा. मी कुठला बघतोय?" म्हणाला आणि हसला.

माझी पद्धत म्हणजे अशा वेळी सलाईन तपासायची, तर त्याला सलाईनच नव्हतं. मागे थांबाबाई उभ्या होत्या. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि मला हाताने बस म्हणून खूण केली. मी बसले. तो मग बराच वेळ त्याच्या बायकोबद्दल बोलत होता, तिला एकटीला गॅसची शेगडी पेटवायची भीती वाटते म्हणून. एकोणीस वर्षांत मी पेशंटच्या खाटेशी कधी बसले नव्हते गं. आयसीयूत खुर्च्याच नसतात.

त्याला दुखण्यावर मॉर्फिन सुरू करायचं ठरलं. अर्धी गोळी, दर चार तासांनी, आणि जोडीला पोट साफ व्हायचं औषध, कारण मॉर्फिनने कोठा जाम होतो. थांबाबाई म्हणतात, जो डॉक्टर मॉर्फिन लिहून जुलाबाचं लिहायला विसरेल त्याला आठवडाभर संडासाच्या दाराशी बसवलं पाहिजे.

पहिली गोळी मी दिली. दुपारचे दोन वाजले होते. दिली आणि तिथेच घड्याळ धरून त्याचे श्वास मोजत बसले, दर दहा मिनिटांनी. मिनिटाला वीस, अठरा, अठरा, सोळा. सोळा आले तशी मी घाबरले आणि त्याचा खांदा हलवला. डोळे न उघडता तो म्हणाला, "झोपू द्या की बाई. अकरा दिवसांनी डोळा लागतोय." पाच वाजता आपणहून उठला, उशीला टेकून अर्धा कप चहा प्यायला आणि खिडकीच्या चौकटीचा जुना रंग कसा खरवडायचा ते मला समजावून सांगत बसला.

मी चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन रडले. कढ आवरेना. का रडले ते विचारू नकोस.

आईच्या वेळी ही गोळी मिळायला हवी होती. पण तेव्हा साठाच संपला होता, तुला ठाऊकच आहे.

उत्तर दे. दोन ओळी चालतील. शिव्या असल्या तरी चालतील.

धाकटी

१९ मार्च

ताई,

रंगारी गेला. सव्वीस फेब्रुवारीला, सकाळी, बायको जवळ असताना. शेवटचे तीन आठवडे तो चांगला राहिला. दुखलं की सांगायचा, आम्ही वाढवायचो. त्याच्या बायकोला सहा आठवड्यांनी मी पत्र लिहायचं आहे.

पण आज लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. काल वर्गात आमच्याकडून एक नाटुकलं करून घेतलं. चिठ्ठ्या टाकतात. एकाने पेशंट व्हायचं, एकाने नर्स, एकाने घरचं माणूस, आणि बोलायचं. मनाला येईल ते, पण खऱ्यासारखं. मी आजवर सगळ्या वेळा नर्सच झाले होते. काल चिठ्ठी उघडली तर आत लिहिलेलं, 'पेशंटची थोरली मुलगी. आईला फार दुखतंय. नर्स औषध द्यायला तयार नाही.'

समोर नर्स म्हणून आमचा लंबू. हा डॉक्टर आहे, छोट्या हॉस्पिटलात काम करणारा, सहा फुटांच्या वर आहे आणि दारातून वाकून येतो. मी सुरुवात केली आणि ताई, माझ्या तोंडून तुझंच बोलणं यायला लागलं. अक्षरन् अक्षर. "अगं, त्या बोटाच्या यंत्राकडे काय बघतेस? तिच्याकडे बघ. तिला झोपवता येत नाही, बसवता येत नाही. काहीतरी दे तिला." मला माहीत नव्हतं की मला ते एवढं पाठ आहे.

लंबूला यातलं काही माहीत नाही. तो आपला रंगात आलेला. छाती काढून म्हणाला, "हे बघा, या औषधाने श्वास थांबतो. आम्ही रोज बघतो. तुम्हाला नाही कळणार त्यातलं." सगळा वर्ग हसला, कारण त्याने नक्कल फार छान केली होती. प्रत्येकाच्या हॉस्पिटलात असं बोलणारं कुणीतरी असतं म्हणे.

मी हसले नाही. उभी होते ती खाली बसले. थांबाबाईंनी सगळ्यांना चहाला पाठवलं आणि मला विचारलं, "कोण होती?"

मी म्हटलं, "एक जुनी पेशंट."

मी वही उचलून खोलीत आले आणि दार लावून घेतलं. रात्री जेवायला गेले नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. फार एकटं वाटतं गं इथे. तू गावात असायचीस, बोलत नव्हतीस तरी तुझ्या मशीनचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. मी ड्युटीवरून येताना वाकडी वाट करून तिकडून जायचे, हे तुला आज सांगते.

धाकटी

१० एप्रिल

ताई,

रंगाऱ्याच्या बायकोचं पत्र थांबाबाईंनी तीन वेळा परत केलं. पहिल्यात मी लिहिलं होतं, 'त्यांच्या प्रकृतीत अपेक्षित घसरण होत गेली.' त्यावर लाल पेनाने, 'कुणाला लिहिताय?' दुसऱ्यात मी देवाला आणलं. त्यावर, 'याची ओळख तुम्हाला कधीपासून?' तिसऱ्यात मी इतकं रडले होते की त्यांनी लिहिलं, 'हे तुमचं दुःख आहे. बाईंना त्यांचं पुरेसं आहे.'

चौथं गेलं. त्यात भिंतीचं लिहिलं, प्रायमरचं, आणि तो तुमच्या शेगडीची काळजी करत होता हे लिहिलं. नऊ ओळी झाल्या. नऊ ओळींना मला आठ दिवस लागले.

तुझ्याकडून अजून काही नाही.

धाकटी

२३ एप्रिल

ताई,

रंगाऱ्याच्या बायकोचं उत्तर आलं. आडव्या पोस्टकार्डावर, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. बाकी सगळं नमस्कार आणि उपकार, आणि शेवटी एक ओळ. 'शेवटी शेवटी त्यांना दुखत नव्हतं, हे खरं ना बाई? मला फक्त तेवढं सांगा.'

मी लगेच लिहिलं, 'खरं आहे. दुखत नव्हतं.' पोस्टात टाकून आले आणि जिन्यातच बसले, कारण हाच प्रश्न तू मला तीन वर्षांपूर्वी विचारला होतास. आई गेली त्या सकाळी. मी म्हटलं होतं, "शुद्ध नव्हती तिला, काही कळलं नाही." तू माझ्याकडे बघितलंस आणि आत गेलीस. त्यानंतर महिनाभर कामापुरतं बोललीस आणि मग तेही थांबलं.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही.

गोळ्या मिळाल्या होत्या. साठा संपला हे मी खोटं बोलले. डॉक्टरांनी कागद दिला, मी त्याच दुपारी आमच्या हॉस्पिटलच्या दुकानातून दहा गोळ्या आणल्या. पाकिटावर आईचं नाव, आणि डॉक्टरांच्या हातचं, 'दर चार तासांनी अर्धी'. ते पाकीट शेवटपर्यंत माझ्या बॅगेत होतं. नऊ दिवस. मी तिला तापाच्या गोळ्या देत राहिले आणि तुला सांगत राहिले की हेच चालतं. आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी ते पाकीट हॉस्पिटलच्या कचऱ्यात टाकलं.

का, ते सांगते. सबब म्हणून नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका म्हाताऱ्याला सांगितलं तेवढं मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं आणि वीस मिनिटांनी त्याचा श्वास थांबला. तो तसाही जाणार होता. पण त्याचा मुलगा वॉर्डभर ओरडत फिरला की या पोरीने मारलं, आणि आमच्या सिस्टरांनी मान खाली घातली, माझ्या बाजूने एक शब्द बोलल्या नाहीत. चौकशी झाली, मी सुटले. पण तेव्हापासून ते औषध हातात घेतलं की माझी नजर पेशंटच्या तोंडावर नसते, छातीवर असते. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही, आईलाही नाही. आयसीयूत ते खपून गेलं, तिथे श्वासाला मशीन असतं. घरी आईच्या खाटेशी मशीन नव्हतं, मी होते.

गेल्या आठवड्यात गोळीचं प्रमाण काढायचं गणित होतं. वजन, वय, लघवी नीट होते का, आधी काय चालू आहे. मी वहीत आईचेच आकडे घातले. अडतीस किलो. उत्तर आलं, अर्धी गोळी. त्या डॉक्टरांनी बरोबर लिहिलं होतं. इतकी कमी मात्रा की थांबाबाई म्हणाल्या, "एवढ्याने कुणाचा श्वास थांबत नाही. दुखणं मात्र निम्मं झालं असतं. कुणाची केस?" मी म्हटलं, "माझ्या आईची." पहिल्यांदाच बोलले. त्यांनी थांबा म्हटलं नाही. माझ्या शेजारी बसल्या.

आणि शुद्ध नव्हती हेही खोटं. सातव्या दिवशी दुपारी तू दुकानात गेली होतीस. आईने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि मला ओळखलं नाही. मला म्हणाली, "बाई, तुम्ही नर्स आहात ना? काहीतरी द्या हो मला." पोटच्या पोरीला 'अहो' म्हणाली. मी तिच्या कपाळावर ओली घडी ठेवली. बॅग माझ्या पायाशी होती.

तू म्हणत होतीस ते सगळं बरोबर होतं, ताई. तुला कळत होतं. न कळणारी मी होते, आणि वर पाच माणसांत मी तुझा अपमान केला. शिवणकामाच्या वाक्याची माफी मी मागितली ती स्वस्तातली माफी होती. खरी मागायची होती ती ही. आता तू दार उघडलं नाहीस तर ते योग्यच होईल, मी त्यावर काही म्हणणार नाही.

धाकटी

६ मे

ताई,

तेरा दिवस झाले. सहा जायला, सहा यायला, आणि एक दिवस तुला विचार करायला दिला होता. मी टपालाच्या खोक्यापाशी इतक्या वेळा जाते की शिपाई लांबूनच मान हलवतो. लेखी परीक्षा एकोणीसला आहे. काही वाचल्याचं डोक्यात राहत नाही.

पत्र पोहोचलं, एवढं तरी कळव.

धाकटी

१८ मे

धाकटे,

तुझी सहाही पत्रं मिळाली. मला मापं लिहायची सवय आहे, पत्रं नाही. जमेल तसं लिहिते.

चौथ्या दिवशी तू आंघोळीला गेली होतीस. आईच्या गाऊनचं बटण तुटलं होतं. तुझ्या बॅगेत सुईदोरा असतो म्हणून मी बॅग उघडली. आतल्या कप्प्यात ते पाकीट होतं. आईचं नाव होतं, खाली लिहिलेलं होतं, दर चार तासांनी अर्धी. मला वाचता येतं. गोळ्या मोजल्या. दहा होत्या, दहाच्या दहा.

तुझा राग आला, पण तो नंतर. आधी मी पाकीट घेऊन आईजवळ गेले. पाणी आणलं, चमचा आणला, गोळी मोडायला सुरी आणली. आतून तुझ्या नळाचा आवाज येत होता. आई माझ्या हाताकडे बघत होती. आणि माझ्या मनात आलं की ही दिली आणि आई गेली, तर धाकटी जन्मभर म्हणेल, ताईने मारली. नळ बंद झाला तसं मी पाकीट होतं तिथे ठेवून दिलं.

तू श्वासाला घाबरलीस. मी तुला घाबरले. त्यानंतर पाच दिवस होते. तू झोपायचीस, बाहेर जायचीस, बॅग तिथेच असायची. पाच दिवस मी आईची पाठ चोळली आणि तुझ्याकडे ओरडून औषध मागितलं, जे कुठे ठेवलंय ते मला माहीत होतं.

शिवणकामाच्या बोलण्यावर मी रुसेन असं तुला वाटलं. मी काय सोळा वर्षांची आहे? तुझा फोन वाजला की वाटायचं, हिला कळलं. आता ही विचारणार. म्हणून उचलत नव्हते. नंतर तू फोन करायची थांबलीस, तेव्हा सुटल्यासारखं झालं आणि मग फार वाईट वाटलं. आईची खोली मी अजून आवरलेली नाही. मशीनवर बसते तेव्हा त्या दाराकडे पाठ करून बसते.

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. मला कोण करणार ते मला माहीत नाही. आई असती तर दोघींनी तिलाच विचारलं असतं, पण ती नाही.

आता दुसरं. मागच्या गल्लीत मास्तरीणबाई आहेत, आपल्याला गणित शिकवायच्या त्या. त्यांना रंगाऱ्यासारखंच झालंय, पाठीच्या हाडात. गेल्या आठवड्यात त्यांची सून पडदे शिवायला द्यायला आली आणि मापं सांगता सांगता रडायला लागली. गोळ्या घरात आहेत म्हणाली. त्याच गोळ्या, दर चार तासांनी अर्धी. सहा दिवस कपाटात ठेवून बसली होती. म्हणाली, काही झालं तर नाव माझ्यावर येईल.

मी तुझी पत्रं पुन्हा काढून वाचली, रंगाऱ्याचं दोनदा वाचलं. आज सकाळी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून विचारलं, द्यायची ना? ते म्हणाले, "अहो, मी कधीची लिहून दिली आहे." जुलाबाचं औषधही विचारलं. ते लिहायला ते विसरले होते. मग बारा वाजता मी त्यांच्याकडे गेले, गोळी मोडली आणि मास्तरीणबाईंना दिली. सून दारात उभी होती, आत येईना.

मी खुर्ची घेऊन बसले आणि मोजत राहिले. आधी त्या कण्हत होत्या, मग थांबल्या. थांबल्या तशी मी गार पडले. एक श्वास मध्येच लांबला. मी उठून त्यांच्या नाकाशी बोट धरलं. श्वास लागतोय की माझंच बोट हलतंय ते कळेना. धाकटे, तेव्हा मला तुझं कळलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

त्या साडेतीनपर्यंत झोपल्या. उठल्या आणि मला म्हणाल्या, "तू थोरली ना? तुझी बेरीज कच्ची होती." चारची गोळी सुनेने दिली. मी नुसती शेजारी होते.

जूनअखेरची वाट बघू नकोस. परीक्षा झाली की सुट्टी मागून दोन दिवस ये. मला विचारायचंय की श्वास मध्येच लांबतो तेव्हा किती वेळ थांबायचं, आणि आईची खोली मला एकटीला उघडवत नाही.

हे त्यांच्याच घरी बसून लिहितेय. आठ वाजत आले, गोळीची वेळ झाली.

ताई